रूळ भंगारात जाण्याआधी एकदा मोजून घ्या: मध्य रेल्वे आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयास खुले पत्र

प्रति,
महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे
आणि
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन

महोदय,

एकाच पत्रावर दोन कार्यालयांची नावं मुद्दाम घातली आहेत. महाराष्ट्रातल्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेमार्गांची जमीन, रूळ, पूल आणि कागद रेल्वेकडे आहेत. जुनी वास्तू कशी मोजायची, कशी नोंदवायची आणि कशी राखायची याचं ज्ञान आणि कायद्याचं बळ संचालनालयाकडे आहे. या दोहोंच्या मधे जे पडलं, ते भंगाराच्या लिलावात जातं. (शकुंतलेच्या, म्हणजे विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर छोट्या रेल्वेच्या बाबतीत जमीन आणि रूळ रेल्वेचे आहेत हेही पुरतं खरं नाही. त्याकडे पुढे येतोच.)

आधी एक गैरसमज दूर करतो. नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाड्या परत सुरू करा, अशी माझी मागणी नाही. लातूरहून रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या माणसाला कुर्डुवाडीला गाडी बदलण्याच्या आठवणींनी गहिवरून यायला सांगणं हा शहरातल्या हौशी मंडळींचा उद्योग आहे. तिथे रुळाचं माप बदलायचं, म्हणून पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हमालांच्या पाठीवरून जायची, त्यात वेळ जायचा, माल सांडायचा, पैसा जायचा. रुंदीकरण, म्हणजे नॅरोगेजचं ब्रॉडगेज, व्हायलाच हवं होतं आणि ते झालं याचा आनंदच आहे. मागणी साधी आहे: जे काढायचं ते काढा, पण काढण्याआधी मोजा, नोंदवा, आणि जी जमिनीची पट्टी सलग उरली आहे तिचे तुकडे करू नका.

हे का म्हणतो ते सांगायला बार्शी लाइटपासून सुरुवात करावी लागेल, कारण आपल्याकडच्या छोट्या रेल्वेंमध्ये तिच्याइतकी विचारपूर्वक बांधलेली दुसरी कुठलीच नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) या रेल्वे कंपनीची पुणे-सोलापूर वाट बार्शीपासून साधारण ३५ किलोमीटर दूरून गेली. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, आणि माल स्टेशनापर्यंत न्यायचा तर बैलगाड्यांशिवाय सोय नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि या तुटलेल्या दुव्याच्या मागे लागला. सरकारदरबारी वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी धावू लागली.

अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा रूळ त्याने पहिल्यांदा टाकला असं नव्हे. त्याचं डोकं दिसतं ते वजनाच्या हिशोबात. इंजिन असो, मालाचा डबा असो की माणसांचा, कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, हा त्याने घातलेला नियम. भार जास्त आसांवर वाटून दिला की दर यार्डाला (तीन फुटांना) ३० पौंडांचा हलका रूळ पुरतो, रूळ हलका तर पूल हलके, पूल हलके तर खर्च कमी. पण डबा मात्र लहान नाही: बोगीवरचा (चाकांच्या वळू शकणाऱ्या गाड्यावर बसवलेला), दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याचा, अरुंद रुळावर भरपूर माल वाहणारा. लीड्सच्या किट्सन कारखान्याने यासाठी चार जोड्या चालती चाकं असलेली इंजिनं बांधली. ती जहाजात चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून जाणकारांपुढे चालवून दाखवली गेली. म्हणजे बार्शीचा माल उचलण्यासाठी केलेली योजना आधी इंग्लंडात चाचणीला उतरली, आणि तिच्याकडे बघून जगात इतरत्र हलक्या रेल्वे आखल्या गेल्या. आपल्या पाठ्यपुस्तकात १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी असते, तिच्यात अभियांत्रिकीच्या दृष्टीने नवं असं फार काही नव्हतं. बार्शीच्या गाडीत होतं. तिला एक ओळही मिळत नाही.

पुढे १९०६-०७ च्या सुमारास रूळ पंढरपूरला पोचले, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेला. (त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलथ्रॉप वारला. आयुष्याच्या उत्तरार्धात तो वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याच्या नादी लागला होता. तिकडे त्याचं नाव त्यासाठी घेतलं जातं, इकडे कशासाठीच घेतलं जात नाही.) सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा मार्ग १९५४ च्या सुरुवातीपर्यंत कंपनीच्या ताब्यात होता, मग सरकारने घेतला. आषाढीला याच गाडीच्या टपावर बसून वारकरी पंढरपूरला जायचे. गाडी भरली म्हणून कुणी मागे राहायचं नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने हा सगळा पट्टा ब्रॉडगेज झाला. आता प्रश्न असा की मागे उरलं काय आणि कुठे?

इथे रुंदीकरणाचं तंत्र समजून घ्यावं लागतं. जिथे जुन्या भरावावरच नवा रूळ टाकता आला, तिथे जुनं सगळं नव्याच्या पोटात गेलं. भराव रुंद झाला, मोऱ्या (भरावाखालून पाणी जाण्याच्या वाटा) लांबवल्या गेल्या, गर्डर बदलले. तिथे शोधून हाती काही लागायचं नाही. पण नॅरोगेजला चालणारी तीव्र वळणं ब्रॉडगेजला चालत नाहीत. त्यामुळे घाटात, नदीच्या काठाला, गावाला वळसा घालताना नव्या मार्गाने जुन्याची साथ सोडली. लातूर-कुर्डुवाडी मार्ग नव्याने टाकताना तो धाराशिव शहरावरून नेला, जुना तिथे जात नव्हता. म्हणून येडशीकडे बालाघाटाच्या रांगेतली जुनी वाट बाजूला पडली. अवशेष बघायचे तर अशा सोडून दिलेल्या तुकड्यांत बघावे लागतात, आणि नेमके हेच तुकडे कुणाच्याही कामाचे नसल्यामुळे कुणाच्या यादीत नसतात.

अशा तुकड्यावर चालत गेलं तर टिकण्याचा एक क्रम दिसतो. रूळ सर्वात आधी जातात, ते विकले जातात. लाकडी स्लीपर चुलीत. गिट्टी गावच्या रस्त्याला. स्टेशनच्या इमारतीची दारं-खिडक्या आणि कौलं जातात, भिंती उभ्या राहतात, मग त्यात बाभळी उगवतात. काळ्या मातीतला भराव शेजारच्या शेतकऱ्याच्या नांगराखाली दरवर्षी फूटभर झिजतो. टिकतात त्या मोऱ्या. घडीव दगडाच्या कमानी, वर आता काहीच जात नाही, पण खालून ओढ्याचं पाणी अजून जातं, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. नॅरोगेजचा इतिहास आज जमिनीवर वाचायचा तर तो मोऱ्यांमध्येच वाचावा लागतो: कमानीचा गाळा किती, दगड कुठल्या खाणीचा, चुना की सिमेंट, दुरुस्ती कधी झाली. जुन्या रुळांचे तुकडेही कुंपणाचे आणि फाटकाचे खांब म्हणून उभे असतात. रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरात उमटवलेलं असतं, गंज खरवडला की दिसतं. इतका स्वस्त पुरावा दुसऱ्या कुठल्या काळाचा मिळत असेल असं वाटत नाही.

केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन वास्तूंच्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. कुर्डुवाडी-बार्शी वाटेवरच्या पहिल्या बांधकामांनी ती केव्हाच ओलांडली. लातूरपर्यंतच्यांनीही. प्रत्येक मोरीला संरक्षित स्मारक करा असं मी म्हणणार नाही, तसं केलं तर तुम्ही आणि शेतकरी दोघेही वैतागाल. पण वय झालेल्या वास्तूची किमान नोंद असावी, इतकं तरी त्या कायद्याच्या भावनेत बसतं.

मिरजेबद्दल एकच गोष्ट. एके काळी या एका जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. त्या यार्डाचे जुने नकाशे रेल्वेच्या कपाटात असतील तर ते आज बाहेर काढावेत. एकाच आवारात तीन मापांच्या गाड्यांचं शंटिंग कसं बसवलं होतं, हे कोणाही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष बघायला आवडेल.

आता शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर मिळून सुमारे १९० किलोमीटर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या मुंबईतल्या ब्रिटिश पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा मार्ग. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणायचा, तिथून मुंबईच्या बंदरात, तिथून मँचेस्टरला. इंजिनही मँचेस्टरचंच: १९२१ मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत ही गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. १९५१-५२ मध्ये देशातल्या रेल्वेंचं एकत्रीकरण झालं तेव्हा ही कंपनी त्यातून वगळली गेली. पुढची कित्येक दशकं गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, आणि मार्गाच्या वापराचा मोबदला जायचा खासगी कंपनीला. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा मार्गही याच कंपनीचा.

आज दोन्ही फाट्यांवर गाडी नाही. अचलपूर-परतवाडा भागातले लोक ती परत यावी म्हणून आंदोलनं करत आले आहेत, आणि मघाशी मी जे गहिवराबद्दल लिहिलं ते त्यांना लागू नाही. त्यांची मागणी आठवणींसाठी नाही, एसटीच्या तिकिटाच्या तुलनेत परवडणाऱ्या प्रवासासाठी आहे. रुंदीकरण व्हावं, हे त्यांचं म्हणणं रास्तच. पण मालकीचा, कराराचा, खर्चाच्या वाट्याचा प्रश्न सुटेपर्यंत दरम्यानच्या काळात त्या मार्गावरच्या वस्तूंना वाली कोण? सिग्नलच्या दांड्या, पाण्याच्या टाक्या, स्टेशनांवरचे वजनकाटे, टोकनची यंत्रं. कागदावर ज्याची मालकी अडकली आहे त्याची राखण कोणीच करत नाही, हे आपल्याकडे प्रत्येक वाड्याच्या बाबतीत पाहिलेलं आहे. मालकी ठरवायला न्यायालय किंवा मंत्रालय लागत असेल, फोटो काढून यादी करायला त्यांतलं काहीच लागत नाही.

खानदेशातल्या पाचोरा-जामनेरची, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘पीजे’ची गोष्ट सर्वात तातडीची आहे. सुमारे ५६ किलोमीटरचा हा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या शेवटी-शेवटी सुरू झाला. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी स्टेशनं घेत जाणारी गाडी आता बंद आहे आणि मार्ग ब्रॉडगेज होऊन जामनेरच्या पुढे वाढणार आहे. उत्तम. पण बार्शी लाइटच्या वेळी जे हुकलं ते इथे करता येईल अशी ही जवळजवळ शेवटची संधी आहे. विदर्भातल्या नागपूर-नागभीड नॅरोगेजवर २०१९ मध्ये शेवटची गाडी गेली, तिथला रूळ मध्य रेल्वेचा नव्हता, पण धडा तोच.

मेळघाटात मात्र माझी मागणी उलटी आहे. अकोला-खंडवा मीटरगेजवर धूळघाटला रूळ चढण साधण्यासाठी पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जातो. भारतात असे वळसे मोजकेच आहेत. हा मार्ग तसा तरुण, स्वातंत्र्यानंतर पुरा झालेला, त्यामुळे शंभर वर्षांच्या अटीत बसणार नाही, पण रचना म्हणून त्याचं महत्त्व आहेच. तो व्याघ्र प्रकल्पातून जातो. नवा मार्ग जंगलाबाहेरून न्यायचं ठरलं, हे योग्यच झालं. तिथे पर्यटन नको, पायवाट नको, ‘हेरिटेज ट्रेन’ तर नकोच. पुलांची आणि वळशाची मोजमापं घ्या, चित्रं काढा, आणि बाकी वाघांना देऊन टाका.

सलग पट्टी राखा असं का म्हणतो? त्याचं एक उदाहरण कॅलथ्रॉपनेच ठेवून दिलं आहे. बार्शीच्याच धर्तीवर त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे बांधली. ती १९०४ ला सुरू झाली आणि अवघ्या तीस वर्षांत, १९३४ ला बंद पडली. रूळ उचलले गेले, पण जमिनीचे तुकडे न पाडता ती पट्टी स्थानिक काउंटी कौन्सिलच्या हवाली केली गेली आणि १९३७ मध्ये तिथे चालण्याची वाट खुली झाली. आज लोक तिथे सायकली चालवतात, चाकाच्या खुर्चीतली माणसंही फिरतात, कारण रेल्वेच्या वाटेला तीव्र चढ नसतो. बार्शी लाइटची धाकटी बहीण म्हणावी अशी ती रेल्वे. तिथे जे १९३७ ला सुचलं, ते आपल्याला अजून सुचायचं आहे. स्पेनने १९९३ पासून हाच उद्योग देशभर केला आणि हजारो किलोमीटर जुने रेल्वेमार्ग हिरव्या वाटा म्हणून जगवले. अमेरिकेत तर १९८३ पासून कायद्यात अशी सोय आहे की बंद मार्ग वाट म्हणून वापरा, पण उद्या रेल्वेला गरज पडली तर पट्टी परत मिळेल. ही शेवटची अट रेल्वेच्या दृष्टीने फायद्याची आहे: एकदा तुकडे विकले की शंभर ठिकाणी भूसंपादन करावं लागतं.

आणि लांब कशाला जायचं, मुंबईतच पाहा. अंधेरीहून ट्रॉम्बेकडे जाणारी साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे १९२८ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडली. सहा वर्षांचं आयुष्य. पण तिची पट्टी काही अंतर तरी टिकली आणि तिच्यावरून कुर्ला-कालिना भागातला आजचा सीएसटी रोड गेला. रोज तिथे अडकणाऱ्या वाहनांना कल्पनाही नसते की ती रेल्वेच्या भरावावर थांबली आहेत. शहर वाढल्यावर अशी तयार सलग जागा किती मोलाची ठरते हे त्या रस्त्याने सिद्ध केलं आहे. बार्शी, पंढरपूर, लातूर ही गावंही वाढतच आहेत.

स्मृती जपायची म्हणून एखाद्या कार्यालयाबाहेर नॅरोगेजचं इंजिन चौथऱ्यावर चढवायचं, लाल-काळा रंग फासायचा आणि भोवती हिरवळ लावायची, ही पद्धत रूढ आहे. त्याला माझा विरोध नाही, मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात. पण त्या इंजिनाने कुठला माल ओढला, कुठे पाणी घेतलं, कोणत्या चढावर दमलं, हे कळायला मार्ग लागतो, आणि मार्गाची नोंद नसेल तर इंजिन नुसतं लोखंड आहे. नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ पासून आहे, तिथे निदान गाड्यांसोबत जुनी यंत्रं आणि कागदही आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यासाठी तशी एक जागा कुर्डुवाडीला सहज होऊ शकते, कारण तिथला कारखानाच मुळात नॅरोगेजच्या डब्यांसाठी उभारलेला होता. युनेस्कोच्या यादीत दार्जिलिंग, निलगिरी आणि सिमल्याच्या गाड्या गेल्या, त्या रास्तच. माथेरानची गाडीही संभाव्य यादीत आहे. पण या सगळ्या थंड हवेच्या गाड्या. सपाटीवर कापूस, डाळी, गूळ आणि वारकरी वाहणाऱ्या गाड्यांनी गावांच्या पेठा घडवल्या, कोणत्या गावात जिनिंग उभं राहावं आणि कुठल्या गावचा बाजार मोडावा हे ठरवलं. धुकं नाही म्हणून त्यांना वारसा म्हणायचं नाही का?

कागदांचं आणि माणसांचं एकदम सांगतो. पुलांच्या नोंदवह्या, मार्गाचे उभे छेद, गाड्यांची अंतर्गत वेळापत्रकं, जमिनीचे नकाशे हे सगळं विभागीय कार्यालयांच्या कपाटांतून ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचे नियम असतात. बंद झालेल्या मार्गांपुरता हा नियम थांबवा, कागद स्कॅन करा आणि संचालनालयाकडे एक प्रत द्या. आणि नॅरोगेजवर काम केलेले गँगमन, फायरमन, गार्ड, गेटमन यांच्याकडे कुणीतरी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन जायला हवं. वाफेचं इंजिन हाकलेला माणूस आज किती वयाचा असेल याचा हिशोब तुम्हीच करा. पावसात भिजलेल्या रुळावर चढाला चाकं घसरू लागली की वाळू कशी सोडायची, हे कुठल्याही पुस्तिकेपेक्षा त्याला चांगलं ठाऊक आहे, आणि त्याच्यानंतर ते कुणालाही ठाऊक नसणार.

या सगळ्याला मोठा निधी लागत नाही. रुंदीकरणाच्या कामाच्या कंत्राटात जुना रूळ उखडण्याचं, भंगार वाहून नेण्याचं, जमीन सपाट करण्याचं कलम असतंच. त्याच्या आधी एक कलम घाला: काहीही उखडण्यापूर्वी प्रत्येक पूल, मोरी, इमारत आणि फाटकाची मोजमापं, छायाचित्रं आणि नकाशावरची नेमकी जागा नोंदवली जाईल आणि ती नोंद संचालनालयाने पाहून मान्य केल्यावरच काम पुढे सरकेल. पहिल्यांदा हे कलम पाचोरा-जामनेरच्या उरलेल्या कामात घाला. रूळ जिथे आधीच निघाले असतील तिथेही मोऱ्या आणि स्टेशनं मोजता येतील. राज्यातल्या वास्तुकला आणि स्थापत्य महाविद्यालयांना सांगितलंत तर मोजमापाला मुलं मिळतील, त्यांना दरवर्षी असा विषय हवाच असतो. आणि बार्शी लाइटच्या सोडलेल्या तुकड्यांची जमीन, विशेषतः येडशीकडची, विकण्याचा किंवा भाडेपट्ट्याने देण्याचा कुठलाही प्रस्ताव असेल तर तो नोंद पूर्ण होईपर्यंत थांबवा.

पावसाळा संपला की गवत वाळतं आणि भराव, मोऱ्या उघड्या दिसतात. मोजणीला दिवाळीनंतरचे चार महिने सर्वात सोयीचे. दोन्ही कार्यालयांनी आपापला एकेक अधिकारी त्याआधी नेमला, तर याच हिवाळ्यात पहूरपासून सुरुवात करता येईल.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक रेल्वेप्रेमी